हातांवर बसायची शिकवणी

लेबर रूममध्ये बाळ अडलं की मला हाक यायची. अडलं म्हणजे खरोखर अडलंच असं नाही. कधी बाई दमलेली असायची, कधी डॉक्टरांना पुढचं सिझर असायचं, कधी नुसतीच बाहेर रांग असायची. मी उंच, हाडापेरानं मजबूत, कऱ्हाटी गावच्या शेतात वाढलेली. लग्नाआधी चार म्हशींच्या धारा काढलेले हात. टेबलाच्या बाजूला एक लोखंडी पायरी ठेवलेली असे. तिच्यावर चढायचं, बाईच्या पोटाच्या वरच्या भागावर दोन्ही तळहात ठेवायचे आणि कळ आली की अंगातलं सगळं वजन टाकून खाली दाबायचं. दोन-तीन दाबांत डोकं बाहेर. याला आम्ही वरून दाब देणं म्हणायचो. इंदापूरकडच्या त्या दवाखान्यात दाब द्यायला माझ्याइतकी वाकबगार कुणी नव्हती.

हे आता कौतुकानं सांगत नाहीये, पण तेव्हा मला त्याचं कौतुक होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बाहेर बसलेल्या बायका दर दहा मिनिटांनी दार लोटून विचारायच्या, मोकळी झाली का? झाली म्हटलं की आधी माझ्याकडे बघायच्या. उंच बाईंनी जोर लावला म्हणून सुटका झाली, असं त्या गावाकडे जाऊन सांगायच्या. पुढच्या खेपेला त्याच गावातली दुसरी बाई यायची ती माझी चौकशी करतच. बारा वर्षं मी असे पेढे खाल्ले. नर्सिंगच्या पदवीच्या पुस्तकात याबद्दल काही लिहिलेलं असेलही, पण पुस्तक कॉलेजात राहिलं आणि पायरी लेबर रूममध्ये.

मग एक दिवस वरून पत्र आलं. पदवीनंतरचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम, नर्स-मिडवाइफ होण्याचा. एक वर्ष बारामतीला वर्ग आणि तिथल्या दवाखान्यात काम, शेवटचे सहा महिने आपापल्या दवाखान्यात. आमच्याकडून माझं नाव गेलं, कारण बाकीच्यांनी आधीच आपापल्या अडचणी सांगून ठेवल्या होत्या. माझं वय अडतीस. मुलगी चौथीत, नवरा भिगवणला शाळेत शिक्षक, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी पत्र वाचून मोठ्यानं म्हणाले. नवरा म्हणाला, बघ, तुझी मर्जी. मर्जी विचारून पत्र आलेलं नव्हतं.

सकाळी साडेसहाला डबे भरायचे, सातची बारामती एसटी पकडायची. त्याच गाडीत मासळीच्या पाट्या घेऊन बायका चढायच्या. त्या माझ्याकडे सरकून बसायच्या आणि मी त्यांच्याकडे सरकून डुलकी काढायचे. वर्गात पोचेपर्यंत माझ्या साडीला चिलापीचा वास लागलेला असायचा. वर्गातल्या बाकीच्या मुली पंचवीस-सव्वीसच्या. त्या लॅपटॉपवर लिहायच्या. मी वहीत लिहायचे आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत वही उघडून तोंड उघडं टाकून झोपायचे. सगळं इंग्रजीत. घरी माझी मुलगी मला शब्दांचे अर्थ विचारायच्या वयाची, ती माझे धडे म्हणून घ्यायची आणि चुकलं की शिक्षकाच्या मुलीला शोभेल अशी मान हलवायची.

आमच्या मॅडम माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की वरून दाब द्यायचा नाही. त्यानं बाईला खोल फाटतं, आतून इजा होते, कधी बाळालाही लागतं. मी उभी राहिले. म्हटलं, मॅडम, तुम्ही किती बाळंतपणं केलीत माहीत नाही, पण बारा वर्षांत माझ्या हाताखालून जेवढ्या बायका गेल्या त्या सगळ्या घरी गेल्या. मॅडम रागावल्या नाहीत. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे टाके घातले की बाई पुढच्या वॉर्डची. मी खाली बसले ती चिडूनच बसले.

पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी नापास झाले. परीक्षेला प्लॅस्टिकची बाई होती. म्हणजे छातीपासून मांड्यांपर्यंतच. मागून मॅडम बाहुली हळूहळू पुढे ढकलायच्या आणि आपण समोर बसून काय काय करायचं ते बोलत करून दाखवायचं. सगळं पाठ होतं. इंग्रजीतसुद्धा धडाधड बोलत होते. तेवढ्यात बाहुलीचं डोकं जरा अडकलं आणि माझा उजवा हात आपला आपण उठून त्या रबरी पोटावर गेला. दाबलंसुद्धा. पोट फसकन आत गेलं. पोरी हसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारली. जित्याची खोड म्हणतात ती अशी. प्लॅस्टिकच्या बाईला उशीर कसला होत होता, ते देव जाणे.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मला रडू आलं. मासळीवाल्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का घरचं? मी म्हटलं, नाही, परीक्षेत नापास झाले. तिनं माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मॅडमनी यावर उपाय काढला. म्हणाल्या, ताई, तुमच्या हातांना घाई आहे, त्यांना काम द्या. लेबर रूममध्ये बुटकं स्टूल घेऊन बाईच्या जवळ बसायचं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. बाळाचे ठोके ऐकायचे तेव्हा काढायचे, पाणी पाजायला काढायचे, डोकं दिसायला लागलं की काढायचे. मधल्या वेळात ते हात म्हणजे आपली बसायची गादी. पुस्तकातलं सदतिसाव्या पानावरचं काही शिकवावं तशा गंभीरपणे त्या हे सांगत होत्या. मला वाटलं, बारा वर्षांच्या नोकरीनंतर हे शिकायला मी पहाटे उठून येते.

पण बसले. बारामतीच्या त्या दवाखान्यात मी महिनोन्‌महिने हातांवर बसले. बाईला पाठीवर पाडून न ठेवता चालू द्यायचं, उकिडवी बसू द्यायचं, गुडघ्यांवर येऊ द्यायचं. ओरडायचं नाही. थांबायचं. दाबून माणूस दमतं, पण न दाबता बसण्यानं कितीतरी जास्त दमतं, हे मला त्या वर्षात कळलं. दाब दिला की घाम येतो आणि काम संपतं. थांबण्यात काही संपत नाही. तळहातांना मुंग्या यायच्या, कंबर धरायची आणि डोक्यात एकच, आता चढावं का पायरीवर. हळूहळू बाळं आपली आपण येताना पाहिली. सगळीच नाही, काहींना खरीच मदत लागायची, ती वेळेवर डॉक्टरांना बोलावून द्यायची. तेही शिकले. पण घाई लागते ती बहुतेक वेळा आपली असते, एवढं मान्य करायला मला निम्मं वर्ष लागलं.

एकदा मॅडमनी प्रत्येकीला स्वतःच्या बाळंतपणाबद्दल लिहून आणायला सांगितलं. पोरींपैकी बहुतेक बिनलग्नाच्या, त्यांनी आईला विचारून लिहिलं. मी अर्धं पान लिहिलं आणि थांबले. माझ्या मुलीच्या वेळी मलाही दाबलं होतं. माझ्याच बरोबरीच्या एका सिस्टरनं, कोपरानं. बरगडीखाली ते कोपर रुतलं तेव्हा मी तिला आईवरून शिवी दिली होती. पुढं दोन महिने मला शिंकायची भीती वाटायची. आणि रजा संपवून कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी मी पायरीवर चढले. हे दोन्ही मी एकाच जन्मात केलं आणि त्यांची एकमेकांशी गाठ कधी घातली नाही. मला स्वतःची लाज वाटली. ते पान मी मॅडमना दिलं नाही, घरी विसरलं म्हणून सांगितलं.

शेवटच्या सहा महिन्यांसाठी मी आमच्या दवाखान्यात परत आले. तेच टेबल, तीच पायरी, त्याच मोठ्या सिस्टर, ज्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि ज्यांनीच मला पायरीवर चढायला शिकवलं होतं. केलेल्या बाळंतपणांची नोंद ठेवायच्या माझ्या केस-बुकात थोडी पानं उरली होती. त्यातल्या शेवटच्या पानाला नियम असा की एकाच बाईला गरोदरपणापासून बाळंतपणानंतर घरी जाईपर्यंत आपणच सांभाळायचं. ती बाई मला वरकुटे गावात मिळाली.

घरोघर गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या गावच्या आशाताईबरोबर मी त्या घरी गेले. पूर्वी मेंढरं राखणारं कुटुंब, आता थोडा ऊस, थोडं डाळिंब. दारात पाऊल ठेवलं आणि सासूनं मला ओळखलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, आशाताईला दाखवले. चार वर्षांपूर्वी सुनेचं पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. सुनेला आई नव्हती, त्यामुळं माहेरी न धाडता सासरीच केलेलं. तेव्हा बाळ अडलं होतं आणि मी दाब दिला होता. मला काही आठवत नव्हतं. दिवसाला तीन-तीन चार-चारदा पायरीवर चढायचे, त्यातली ही कोणती, कसं आठवणार?

सासू म्हणाली, "ह्या बारीला बी तुमचाच हात पायजे बघा. दोन गड्यांचं बळ हाय ह्या हातात."

सून माजघरात होती. सातवा संपत आलेला. तिला तपासायला मी दार लोटून घेतलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बसली होती ती एका कुशीवर, डावा पाय लांब करून. मी विचारलं, पाय दुखतो का? म्हणाली, न्हाय, सवय लागली. पहिल्या बाळंतपणात एवढे टाके पडले की तीन महिने तिला सरळ बसता आलं नव्हतं. मग कळ गेली, पण बसायची ढब राहिली. अजून खोकलं की लुगडं ओलं होतं, हे तिनं भाकरी परतताना सांगितलं. कुणाला बोलली नव्हती. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर एका कुशीवर बसून भाकरी भाजत होतं.

मी तिच्या पोटाचं माप घेतलं, ठोके ऐकले. हात चालत होते म्हणून बरं. ठोके मोजायला मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मोठ्या तबकडीचं, जाड पट्ट्याचं, गड्यांचं असतं तसलं घड्याळ; नोकरी लागल्यापासून तेच. ती पण त्याच्याकडेच बघत होती. मग म्हणाली,

"बाई, ह्या बारीला तेवढं दाबू नका."

मी म्हटलं, नाही दाबणार. कुणाला दाबू देणारही नाही. एवढं बोलले आणि जे बोलायला हवं होतं ते गिळलं. गेल्या खेपेला दाबणारी मीच, हे तिला सांगायची छाती झाली नाही. बाहेर सासू गॅसवर माझ्यासाठी चहा टाकत होती आणि माझ्या हातांचे गोडवे गात होती. मी तो चहा प्यायले.

त्यानंतर मी तिला दवाखान्यात आणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून बाळंतपण नेहमीसारखं व्हायला हरकत नाही असं सांगितलं. म्हणजे राहिला तो माझा शब्द. आता माझ्या शब्दाला तसा कुणी विचारत नव्हतं. परत आल्यापासून मी पायरीवर चढत नव्हते, तर मोठ्या सिस्टर मला कलेक्टरीणबाई म्हणायला लागल्या होत्या. बारामतीला जाऊन हात विसरून आली, असं त्या डॉक्टरांना माझ्यासमोरच सांगायच्या.

सून आली ती मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, कळा देतच. दुपारपर्यंत मी तिला व्हरांड्यात फिरवलं, कंबर चोळली, सरबत पाजलं. एकच्या पुढं खऱ्या कळा सुरू झाल्या. ती टेबलावर झोपायला तयार नव्हती. मी जमिनीवर जाड सतरंजी आणि तिच्यावर स्वच्छ चादर घातली आणि ती गुडघ्यांवर येऊन टेबलाच्या कडेला धरून राहिली. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. डोकं दिसायचं आणि परत आत जायचं. सासू दार लोटून बघून गेली. जमिनीवर सून बघून ती हबकलीच. म्हणाली, "आवो, हे काय? असं तर मी वाड्यावर मेंढरांत मोकळी झाले व्हते. आमी अडाणी म्हणून तसं. ही दवाखान्यात आणलीया ती कशापायी?"

मी दीड वर्ष शिकून जे घेऊन आले होते, ते तिनं रानात सोडून दिलं होतं, आणि मी सोडलेलं ती मला परत मागत होती. मी तिला एवढंच म्हटलं, मावशी, थोडं थांबा.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी एकदा बघितलं, कोपऱ्यातून ती लोखंडी पायरी पायानं सरकवत आणली आणि म्हणाल्या, "हिला टेबलावर घे आणि चढ. नाहीतर बाजूला हो, मी चढते."

मी ठोके ऐकले. चांगले होते, ठणठणीत. बाई दमली होती, पण कळ आली की जोर तिचा ती लावत होती. मी म्हटलं, सिस्टर, बाळ चांगलं आहे, बाई चांगली आहे, उशीर फक्त आपल्याला होतोय. त्या टेबलाकडे वळल्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी ती पायरी ओढून घेतली, बाईच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावर बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले. चाळिशीला टेकलेली, ऐंशी किलोची बाई लोखंडी पायरीवर शाळेतल्या पोरीसारखी हातांवर बसलेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, लिहून ठेव, जबाबदारी तुझी. मी म्हटलं, लिहिते. आणि त्या बाहेर गेल्या.

मला भीती वाटली. अगदी खरी भीती. बारा वर्षांची सवय एकीकडे आणि ही एक बाई एकीकडे. पायरीच्या लोखंडाची नक्षी तळहातांत रुतत होती. दर कळेनंतर एक हात काढून ठोके ऐकायचे आणि परत खाली. तोंडानं मी काही छान-छान बोलत होते असंही नाही. तिनंच एकदा मान वळवून मी कुठं आहे ते बघितलं. माझे हात मांडीखाली बघितले आणि परत टेबल धरलं.

मग डोकं आलं ते आलंच, मागं गेलं नाही. मी हात काढले. जोर थांबव, नुसती फुंकर घाल म्हटलं. तिनं फुंकर घातली, दिव्यावर घालतात तशी, आणि बाळ माझ्या हातात आपलं आपण उतरलं. मुलगी. रडली. वार आली, रक्त बेतात. मी दिवा जवळ घेऊन तपासलं. एक ओरखडा होता, टाका घालायची गरज नव्हती. मी परत तपासलं. मग तशीच फरशीवर बसून राहिले.

बाहेर सासूला सांगितलं, मोकळी झाली, टाका नाही. तिनं नातीला घेतलं, दृष्ट काढली, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं शेजारच्या बाईला म्हणाली, पहिल्यासारख्या राहिल्या न्हाईत ह्या बाई. नुसत्या बसून व्हत्या. यावेळी पेढे मोठ्या सिस्टरना मिळाले.

केस-बुकाच्या शेवटच्या पानावर 'काय केले' असा रकाना असतो. मी त्यात ठोके ऐकल्याच्या वेळा लिहिल्या, पाणी पाजलं लिहिलं, आणि पुढं लिहायला काही उरलं नाही. मॅडमनी नंतर त्याखाली सही केली.

तिसऱ्या दिवशी ती घरी जायची होती. मी सकाळीच तिच्या खाटेपाशी गेले. सासू कपडे धुवायला गेली होती. बाळ झोपलेलं. ती खाटेच्या कडेला दोन्ही पाय खाली सोडून, सरळ, दोन्ही कुल्ल्यांवर बसून बशीत चहा ओतत होती. आता नाही तर कधी नाही, असं म्हणून मी बोलून टाकलं. म्हटलं, बाई, गेल्या खेपेला तुला दाबलं ती मीच. तुझे टाके माझ्यामुळं. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

तिनं चहाचा घोट घेतला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "डोळं मिटलं व्हतं, पर ते घड्याळ हितं रुतलं व्हतं." तिनं बरगडीखाली बोट ठेवलं. "म्हैनाभर वळ व्हता. तुमी घरला आलासा तवाच वळखलं. म्हणून तर तुमास्नी सांगितलं. दाबणारीलाच सांगाय पायजे, दुसऱ्याला सांगून काय उपेग?"

मी मनगट मागं घेतलं. वॉर्डमधून कुणीतरी मला हाक मारत होतं, मी तशीच उभी. तिनं माझ्याकडं बघितलं, बाळाला थोडं आत सरकवलं आणि खाटेवर आपल्या शेजारी जागा केली.

"बसा की जरा," म्हणाली. "लई येळ उभ्या हाय तुमी."

मी बसले.